ब्रेक ऑइल बदलण्याचं काम: लागते थोडी सामग्री, पण हात पक्का हवा

छोटं गॅरेज टाकायचा विचार असेल तर हे काम आधी शिका. मोठं मशीन लागत नाही.

आपल्या चारकोपचंच बघा. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने इथे प्लॉट पडले. गल्ल्या तेवढ्याच राहिल्या, गाड्या वाढल्या. बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी ३.७ टक्क्यांच्या आसपास गेलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे कळतच नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. गाडीत माणसं असतात, हे विसरू नका.

आता काम. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, झाकणावर लिहिलेलंच नवं भरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये चालत नाही. आपल्याकडे मास्टर सिलिंडर सहसा उजवीकडे, म्हणून बऱ्याच गाड्यांत सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून होते. पण मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐकायचं. निप्पलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. पोऱ्या पेडल दाबून धरेल, तुम्ही निप्पल अर्धा आटा सोडा, ऑइल येऊ द्या, बंद करा, मगच त्याने पाय उचलायचा. "दाब", "सोड" मोठ्याने बोला. इथे घाई झाली की हवा आत शिरते आणि पेडल स्पंजसारखं लागतं. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, आतले सील फाटतात. टाकी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून! ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठेल आणि कमाई पेंटरकडे जाईल. काही एबीएस गाड्यांना स्कॅनर लागतो. नसेल तर काम घेऊच नका.

भाव ठरवताना साधारण लिटरभर ऑइल आणि दोन माणसांचा वेळ धरा. एकट्याची मजुरी लावून बसणारे खूप पाहिलेत. बऱ्याच गाड्यांना दोन वर्षांनी बदल पुरतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच बदललंय त्याला पुन्हा विकू नका. पेनसारखा टेस्टर येतो, तो गिऱ्हाईकासमोर बुडवून दाखवा. काळं ऑइल नव्याच्या शेजारी ठेवा, बोलायची गरजच पडत नाही.

जुनं ऑइल गटारात नाही, डब्यात साठवून अधिकृत रिसायकलवाल्याकडे. चावी देण्याआधी इंजिन चालू करून पेडल दाबा, चारही निप्पल कोरडे आहेत का बघा, मग मोकळ्या रस्त्यावर हळू एक फेरी. तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहा. दोन वर्षांनी फोन कोणाला करायचा ते तिथूनच कळतं.