लिहिणाऱ्याच्या हाती अमानत

रमजानच्या दिवसांत दुपारच्या वेळी भूमची बाजारपेठ थोडी निवांत असते. खजूर आणि फळांच्या गाड्यांभोवती गर्दी व्हायला असरची वेळ यावी लागते. ऑनलाइन सेवा केंद्राच्या दारातली रांग मात्र हटत नाही. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला फार्मर आयडी. कुणाच्या रेशनकार्डाचे ई-केवायसी राहिलेले असते, तर कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज. रांगेत गांधी टोपी असते, नमाजची टोपी असते, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या असतात. एखादी आजी कमरेची पिशवी सोडते आणि आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मोबाईल असे सगळेच समोरच्या मुलाच्या हाती देते. "बाळा, मला काय कळतंय त्यातलं? तूच बघ आता," एवढे म्हणून ती बाकावर टेकते.

त्या एका वाक्यात आजीने आपली ओळख, आपले बँक खाते आणि आपला अंगठा त्या मुलाच्या स्वाधीन केलेला असतो. पडद्याचे तोंड त्याच्याकडे असते. त्यावर काय लिहिले जाते, कुठे 'सहमत आहे' असे दाबले जाते, मोबाईलवर आलेला ओटीपी कशासाठी वापरला जातो, हे तिला दिसत नाही आणि दिसले तरी वाचता येत नाही. 'माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक नीतिमत्ता' हे शब्द पुण्या-बंगळुरूच्या परिषदेतले वाटतात. खरे तर तो विषय भूमच्या त्या काउंटरवर रोज शंभर वेळा उभा राहतो.

सर्वांत लांब आयत

पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत कशावर आहे, असे विचारले तर बहुतेक जण नमाज, रोजा किंवा हज असे उत्तर देतील. ती आहे लिखापढीवर. दुसऱ्या अध्यायातील, म्हणजे सूरह बकराहमधील ही २८२ वी आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. सातव्या शतकातील अरबस्तानात लिहिता येणारी माणसे थोडी होती. बाकीच्यांना 'कातिब', म्हणजे लिहून देणारा, शोधावा लागे. म्हणून या आयतीने कातिबाला नियम घालून दिले.

त्या नियमांचा आशय असा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. ज्याला लिहिता येते त्याने लिहून देण्यास नकार देऊ नये, कारण ही विद्या त्याला ईश्वराने दिलेली आहे. मजकूर कातिबाने आपल्या मनाने रचू नये. ज्याच्या अंगावर देणे पडणार आहे त्याने तो सांगावा आणि कातिबाने लिहावा. सांगणारा दुबळा किंवा असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने त्याच्या वतीने न्यायाने सांगावे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. साक्षीदार ठेवावेत. आणि शेवटी, लिहिणाऱ्याला व साक्षीदारालाही त्रास दिला जाऊ नये.

आजचा कातिब कीबोर्डवर लिहितो, एवढाच फरक. ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने जो लिहितो, त्याच्यावर दुप्पट जबाबदारी असते, हे सूत्र तेव्हाही लागू होते आणि आजही आहे.

अंगठ्याचा जुना इतिहास

महाराष्ट्राने अंगठ्याची किंमत पूर्वीही मोजली आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या 'दख्खनच्या दंग्यां'त शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. त्या कागदावर अंगठा शेतकऱ्याचा होता, पण आत काय लिहिले आहे ते त्याला ठाऊक नव्हते. शंभर घेतले आणि दोनशे लिहिले, तरी दाद मागायला जागा नव्हती.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा इकडे नव्हता. तरी त्यामागची गोष्ट इकडच्या माणसालाही सहज कळते. अंगठा घेणाऱ्याने आधी मजकूर समजावून सांगितला पाहिजे.

आता शाईच्या जागी काचेचे यंत्र आले. अंगठा लावून बँक खात्यातून पैसे काढता येतात. बँकेच्या शाखेपासून लांब राहणाऱ्या वृद्धांची त्यामुळे मोठी सोय झाली. त्याचबरोबर "अंगठा उमटला नाही, परत लावा" असे सांगून दोनदा रक्कम काढण्याचे प्रकारही देशभरात उघडकीस आले. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्र खरेच दाद देत नाही. म्हणून ही थाप त्यांना पटकन खरी वाटते.

एक रुपयाचा अर्ज

मराठवाड्याला सर्वांत जवळचे उदाहरण पीकविम्याचे आहे. खरीप २०२३ पासून राज्यात शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरून पीकविमा घ्यायचा, त्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता सरकारने भरायचा, अशी योजना सुरू झाली. अर्ज भरण्याचे काम मोठ्या प्रमाणात सामाईक सेवा केंद्रांकडे होते आणि प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला ४० रुपये मिळत. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हा मोठा आधार होता.

पुढे तपासणीत बोगस अर्ज सापडू लागले. सरकारी जमिनीवर विमा उतरवलेला, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर तिसऱ्याचे नाव, जिथे पीकच नाही तिथे पीक दाखवलेले. २०२४ च्या खरिपातील असे अर्ज लाखोंच्या संख्येने बाद झाले, अनेक केंद्रचालकांवर कारवाई झाली आणि विधिमंडळात त्यावर वादळ उठले. खरीप २०२५ पासून एक रुपयाची योजना बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता स्वतः भरावा लागतो.

योजना बदलण्यामागे इतरही कारणे असतील. बोगस अर्जांमागे प्रत्येक ठिकाणी केंद्रचालकच होता असेही नाही. खोटी माहिती देणारे अर्जदार होते, दबाव आणणारे मध्यस्थ होते. तरी त्यातील प्रत्येक खोटा अर्ज कुठल्या तरी कीबोर्डवर टाइप झाला होता. तो टाइप करणारी बोटे थांबली असती तर अर्ज पुढे गेला नसता.

भूम हा खव्याचा तालुका. खव्यात भेसळ झाली तर गिऱ्हाइकाच्या जिभेला कळते आणि व्यापारी दुसऱ्या दिवशी माल परत करतो. अर्जातली भेसळ लगेच कळत नाही. ती कळते तेव्हा पाऊस उघडलेला असतो, सोयाबीन वाळलेले असते आणि खऱ्या शेतकऱ्याचा दावा तपासणीच्या ढिगाऱ्याखाली अडकलेला असतो. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पाहतात तर वर कोरडे आणि आत ओले धान्य निघते, अशी हदीस आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. संगणकाच्या पडद्यालाही वरची बाजू आणि आतली बाजू असते.

साक्ष लपवणारे अभियंते

भूम, परंडा, वाशी या भागांतील कितीतरी मुले-मुली आज पुण्यात हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत काम करतात. ती थेट कुणाचा अर्ज भरत नाहीत. ज्यावर अर्ज भरले जातात, पैसे फिरतात, हिशेब लागतात, त्या प्रणाली ती लिहितात. त्यांनाही कातिबाचा नियम लागू होतो. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे साक्ष.

ब्रिटनच्या टपाल कंपनीने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आपल्या कार्यालयांत बसवली. फुजित्सू कंपनीची ही प्रणाली गावोगावच्या टपाल कार्यालयांत नसलेली तूट दाखवू लागली. संगणक चुकत नाही असे गृहीत धरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. भारतीय वंशाच्या एका गर्भवती चालक महिलेला तुरुंगात जावे लागले. अनेकांनी घरे विकून न केलेल्या चोरीची रक्कम भरली. प्रणालीत दोष आहेत हे तयार करणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांना ठाऊक होते, हे पुढे समोर आले. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोवर वीस-वीस वर्षे निघून गेली होती.

लिखापढीच्या त्या आयतीला लागूनच पुढची आयत येते. साक्ष लपवू नका, जो ती लपवतो त्याचे अंतःकरण दोषी आहे, असा तिचा आशय. आपल्या प्रणालीतली चूक माहीत असून गप्प बसणारा अभियंता स्वतः काही चोरत नाही. पण त्याच्या गप्प बसण्याने निरपराध माणूस चोर ठरतो.

हातातला मोबाईल

नीतिमत्ता फक्त काउंटरपलीकडच्या माणसाने पाळायची नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्याकडचे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, तिने त्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली. बातमी आली तर आधी खातरजमा करा, नाही तर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही कुरआनची शिकवण चौदाशे वर्षे जुनी आहे.

रमजानमध्ये एक छोटी गोष्टही पाहण्यासारखी असते. गरजू कुटुंबांना किराण्याचे किट वाटले जातात आणि लगेच फोटो निघतो. देणारे हसत असतात, घेणाऱ्या विधवेची मान खाली असते. तासाभरात तो फोटो शंभर गटांत पोहोचतो. दान गुपचूप द्यावे, ही शिकवण सगळ्याच धर्मांत आहे. हिशेब द्यायचा असेल तर किराण्याच्या पावतीचा फोटोही पुरतो.

आता करायचे काय?

कायदा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा ओळख लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरावी, हे त्याचे मूळ सूत्र आहे.

नागरिकानेही थोडे जपावे. आधारची छायाप्रत देताना त्यावर कारण आणि तारीख लिहावी. अंगठ्याचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करता येतात. ओटीपी सांगण्याआधी तो कशाचा आहे ते विचारावे. अर्ज झाल्यावर "एकदा वाचून दाखव बाळा" असे म्हणावे आणि पावती घ्यावी. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

केंद्रचालकाचेही ऐकून घ्यावे. सर्व्हर बंद पडतो तो त्याच्यामुळे नाही, पण शिव्या त्याला खाव्या लागतात. "एवढं एक गुंठे वाढवून टाक" असा आग्रह गावातलीच वजनदार माणसे करतात. लिहिणाऱ्याला त्रास देऊ नका, हेही त्याच आयतीत आहे. पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवणारे, मजकूर वाचून दाखवणारे, सरकारी दरापेक्षा एक रुपया जास्त न घेणारे केंद्रचालक जिथे असतात, त्यांच्याकडची रांग आपोआप लांब होते.

रोज्यात दुपारी घरात कुणी नसताना माठातले पाणी समोर असते. माणूस पीत नाही, कारण पाहणारा कुणीतरी आहे अशी त्याची श्रद्धा असते. काउंटरवर आजीची पाठ फिरलेली असतानाही तीच श्रद्धा टिकली, तर रोजा दुकानातही पोहोचला म्हणायचा.

इ.स. ६२२ मध्ये मक्केच्या लोकांनी प्रेषितांच्या जिवावर उठून त्यांना गाव सोडायला लावले. त्याच मक्केकरांच्या ठेवी तेव्हा त्यांच्याजवळ होत्या. वैरी झाले तरी ठेव ठेवायला त्यांना दुसरा विश्वासू माणूस सापडला नव्हता. त्या ठेवी ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले आणि मगच तेही मदिनेला निघाले.

दागिना परत केला की अमानत फिटते. कागदाचे तसे होत नाही. आधार परत दिले तरी त्याची प्रत संगणकात राहते. अनेक केंद्रांच्या, दुकानांच्या, कार्यालयांच्या संगणकांत वर्षानुवर्षांची आधार कार्डे, पासबुके आणि फोटो तसेच पडलेले असतात. काम झाल्यावर ते पुसून टाकणे, हीच ती अमानत परत करणे. फित्रा ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो. या वर्षी त्याच्याबरोबर तो फोल्डरही रिकामा करायला हरकत नाही.