"तिच्या अंगातच नाही" म्हणण्याआधी

पहाटे पन्हाळ्याच्या चढावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली आम्ही पाहतो. एखादी लवकर दमली की घरचेच म्हणतात, "तिच्या अंगातच नाही." हे कितपत खरं?

थोडं खरं आहे. उंची, स्नायूंची ठेवण, सरावाने शरीर किती लवकर तयार होतं, यात आईवडिलांकडून आलेला वाटा असतो. पण तो मेहनतीशिवाय वाया जातो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव मातीत कुस्ती खेळलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवी होती, सहावे आले. चार वर्षं कसून सराव केला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं.

सराव म्हणजे एका दिवसात जीव काढणं नव्हे. अंतर हळूहळू वाढवा. नियमित धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, मग दम कमी लागतो. चढ धावा, पण उतार चालत या. उतारावर गुडघ्यांवर ताण जास्त येतो. आठवड्यातून एक दिवस विश्रांती आणि पुरेशी झोप हवीच. जेवणात डाळ, मोडाची कडधान्यं, शेंगदाणे, जमल्यास अंडी ठेवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलगी सतत दमत असेल तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगात रक्त कमी असेल, तर उपचाराने ते वाढतं.

जन्मावरून माणसाची कुवत ठरवणं आपण नाकारलं. मग मैदानावर आपल्याच लेकीची ती का ठरवायची?