मुलांच्या हाती मोबाइल आणि शिक्षकाचे कर्तव्य

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम हाती घेण्यात आला. पाठ, स्वाध्याय व चित्रफिती पालकांच्या मोबाइलवर जाऊ लागल्या. जे यंत्र वडील मंडळी एरवी मुलांपासून दूर ठेवीत, तेच त्यांनी ‘गुरुजींनी अभ्यास पाठविला आहे’ म्हणून आपण होऊन मुलांच्या हाती दिले. पुढे शाळा पुन्हा भरू लागल्या. परंतु अनेक घरांत मोबाइल मुलांच्या हाती राहिला तो राहिलाच. म्हणून ‘पोराच्या दृष्टीस नको ते पडते, काय करावे?’ असे पालक विचारू लागले, तर ‘तो तुमच्या घरचा प्रश्न आहे’ असे म्हणून शाळेस मोकळे होता येणार नाही.

ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींची २०२४ मध्ये जी ‘असर’ पाहणी झाली, ती या बाबतीत उद्बोधक आहे. शेकडा ८० हून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग करणारी मुले शेकडा ५७, तर समाजमाध्यमांसाठी करणारी शेकडा ७६ होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रासदायक व्यक्तीस रोखण्याची वा तिच्याविषयी तक्रार करण्याची रीत शेकडा ६२ मुलांनाच ठाऊक होती. यंत्र चालविण्याची विद्या मुलांनी आपली आपण मिळविली. त्यापासून स्वतःला जपण्याची विद्या मात्र त्यांना कोणी शिकविली नाही, हाच याचा अर्थ होय.

चिंता जुनी, परिस्थिती नवी

मुलांच्या दृष्टीस काय पडावे, ही चिंता आजची नाही. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविला. पुढे चित्रपटांचा प्रसार वाढला, तशी त्यांच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चाही वाढली. केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटांना निराळे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली. १९५६ मध्ये अल्पवयीनांस अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध संसदेने कायदाही केला. चित्रपटगृहाला दार असते व दारावर माणूस असतो. पुस्तक विकणारा दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाचे वय पाहू शकतो. या उपायांचा सारा आधार तोच होता. मोबाइलच्या दारावर असा माणूस नाही.

अनुचित मजकूर मुलांपर्यंत कसा पोचतो?

खेड्यातील बहुतेक घरांत मूल वडिलांचाच मोबाइल वापरते. त्यावरील खाते वडिलांचे व वयही वडिलांचे. त्यामुळे चित्रफिती दाखविणाऱ्या यंत्रणेच्या लेखी समोर एक प्रौढ गृहस्थ असतो. प्रत्यक्षात तेथे तिसरीतील मुलगी बसलेली असते. वडिलांनी रात्री जे पाहिले असेल, त्याच जातीचे दुसरे काही सकाळी मुलीपुढे येते.

दुसरे असे की, पुढे काय दाखवावे हे ही यंत्रणा मुख्यतः पाहणाऱ्याच्या वर्तनावरून ठरविते. कोणत्या दृश्यावर तो किती वेळ थांबला याची ती नोंद ठेवते. तो आवडीने थांबला की भीतीने थिजून थांबला, हा भेद तिला कळत नाही. भयंकर दृश्य पाहून मूल क्षणभर खिळले, तर त्याच प्रकारचे दृश्य पुन्हा समोर येण्याचा संभव वाढतो.

तिसरा मार्ग व्हॉट्सॲपच्या गटांचा. मोठ्यांच्या गटांत आलेली अपघातांची, मारहाणीची वा अश्लील चित्रे पुष्कळदा आपोआप मोबाइलमध्ये साठविली जातात आणि स्वाध्यायाचे छायाचित्र शोधणाऱ्या मुलास ती सापडतात. चौथा मार्ग खेळांचा. अनेक खेळांत अनोळखी माणसांशी बोलता येते. आरंभी गोड बोलून नंतर मुलाचे छायाचित्र मागणारे लोक तेथे वावरतात. द्राक्षांच्या हंगामात निफाड, दिंडोरी भागातील मळ्यांत दिवसभर राबणाऱ्या आईबापांना हे पाहण्यास सवड कोठली? धाकट्या भावंडास गप्प बसविण्याचे काम तेव्हा मोबाइलच करीत असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. असा मजकूर पाहणाऱ्या मुलाने तो शोधलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा तो मजकूरच मुलाला शोधीत येतो. म्हणून प्रथम मुलास अपराधी ठरविण्याची सवय सोडली पाहिजे.

मूल गप्प का राहते?

मुलास दोन भये असतात. एक, मार बसेल; दुसरे, मोबाइल काढून घेतला जाईल. या भयाने ते पाहिलेले लपविते. एखाद्या अनोळखी माणसाने धमकावले असेल, तर हेच मौन त्या माणसाच्या पथ्यावर पडते. एखादे ओंगळ चित्र दृष्टीस पडण्याने जी हानी होते, तिच्याहून मोठी हानी ते कोणाला सांगता न येण्याने होते.

बंदीच्या उपायांचा विचार याच दृष्टीने करावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करण्याचा ठराव केला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. बंदीचा काही उपयोग निश्चित आहे. परंतु ती मोडणारे मूल संकटात सापडल्यास अधिकच गप्प बसेल, हेही विसरता कामा नये. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये निराळा मार्ग काढण्यात आला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवावयाचे, असा तो नियम होता. तो लहानथोर सर्वांसाठी होता, यातच त्याचे मर्म आहे. जो नियम वडील पाळतात, तो मुलांना जाच वाटत नाही.

शिक्षकांनी काय करावे?

वर्गात मुलांना एकच वाक्य वारंवार सांगावे: ‘मोबाइलवर भीती वा लाज वाटेल असे काही दिसले, तर मोबाइल खाली ठेवा आणि मला सांगा, मी रागावणार नाही.’ आणि मूल सांगावयास आले, तर खरोखरच रागावू नये. ज्या दिवशी शिक्षक रागावेल, त्या दिवसापासून सारा वर्ग गप्प होईल.

पालकसभेत मोबाइल हाती घेऊन तीन गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्या: मुलासाठी त्याच्या खऱ्या वयाचे निराळे खाते कसे उघडावे, यूट्यूबवर मर्यादित दर्शनाची सोय कशी सुरू करावी, व्हॉट्सॲपवरील चित्रे आपोआप साठविली जाणे कसे बंद करावे. मुलाने मोबाइल कोपऱ्यात नव्हे, तर ओसरीवर सर्वांदेखत वापरावा, हा साधा नियम मात्र कोणत्याही घरास पाळता येईल.

काही प्रसंग समजुतीने मिटविण्याजोगे नसतात. प्रौढाने वाईट हेतूने मुलास अश्लील चित्र दाखविणे वा मुलाकडे तसले चित्र मागणे, हा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे याच कायद्याने बंधनकारक केले असून, न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. गावाच्या वा शाळेच्या अब्रूसाठी प्रकरण दडपण्याचा अधिकार कोणासही नाही. मुलांची अश्लील चित्रे जवळ बाळगणे व पाहणे हाही गुन्हा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. म्हणून पुरावा म्हणूनदेखील शिक्षकाने अशा चित्राची प्रत स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊ नये वा मुख्याध्यापकांस पाठवू नये. पाठविणाऱ्याचा क्रमांक, दिवस व वेळ कागदावर टिपून घ्यावी, मोबाइल आहे तसा ठेवावा आणि पोलीस ठाण्यास कळवावे. १०९८ या बालसाह्य क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मदत मिळते. मुलाचे नाव कोठेही उच्चारू नये, आणि त्यास झाली हकीकत दहा जणांपुढे दहा वेळा सांगावयास लावू नये.

मोबाइलच्या दारावर माणूस नाही, हे खरे. तो दरवान शाळेला नेमता येणार नाही. तथापि भ्यालेल्या मुलास जेथे निर्भयपणे जाता येईल असे एक दार गावात असावे, आणि ते शाळेचे असावे, एवढे तर शिक्षकाच्या हाती खचितच आहे.