फिरतंय तर खरं, पण वीज कुठंय?

फेब्रुवारी-मार्च आला की इंजिनीअरिंग कॉलेजांमध्ये प्रोजेक्ट एक्झिबिशनचा सीझन सुरू होतो. कुठल्याही हॉलमध्ये शिरा, मेकॅनिकलच्या टेबलांवर एक ओळखीचा पाहुणा हमखास भेटतो. पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पाती, मध्ये एक रॉड, खाली बेअरिंग, डीसी मोटर आणि मोटरच्या वायरला जोडलेला एलईडी. समोर पेडेस्टल फॅन. फॅन फुल स्पीडला टाकला की पाती गरगरतात, एलईडी लागतो, बघणारे खूश. मागच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं : 'व्हर्टिकल ॲक्सिस विंड टर्बाइन - हायवे डिव्हायडरवर वीजनिर्मिती'.

मग एक्स्टर्नल विचारतात, ''वॅट किती?'' आणि गाडी तिथेच अडते. कारण मल्टिमीटरवर दाखवलेले १२ व्होल्ट हे ओपन सर्किटचे असतात. करंट वाहतच नसेल तर पॉवर शून्य, भले टर्बाइन कितीही जोरात फिरो. उलट ज्या फॅनने ते फिरवलं, तो स्वतः ५०-६० वॅट खात असतो!

यात हसण्यासारखं काही नाही. कारण हाच घोळ प्रोजेक्टच्या बाहेरही आहे. 'छतावर लावा, वीजबिल विसरा' छाप जाहिराती बघून लोक खरे पैसे मोजतात. तेव्हा मुळात ही उभी पवनचक्की कशावर चालते आणि कशावर अडते, हे बघायला हवं.

साताऱ्याला ठोसेघर-चाळकेवाडी ट्रिप केली असेल तर पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचा आस जमिनीला समांतर असतो आणि तोंड वाऱ्याच्या दिशेनं वळवावं लागतं. उभ्या आसाच्या टर्बाइनला हे वळणं लागत नाही. वारा कुठूनही येवो, ते फिरणार. जनरेटरही वर टांगायची गरज नाही, तो खाली ठेवता येतो. शहरात वारा दर मिनिटाला दिशा बदलतो, तिथे हा गुण मोठाच आहे. ब्रोशरमध्ये तो ठळक अक्षरांत असतोच. न सांगितलेला भाग बाकीच्या गणितात आहे.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनानं वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, आणि वेग निम्मा झाला तर आठवा हिस्सा. दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. उभ्या टर्बाइनची उंची गुणिले व्यास, एवढ्याच खिडकीतून येणारा वारा तुमचा. आणि त्यातलीही सगळी शक्ती मिळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय की कितीही भारी डिझाइन केलं तरी ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सगळी शक्ती काढून घेतली तर वारा टर्बाइनमागे थांबून राहील आणि पुढचा वारा येणारच नाही. लहान उभ्या टर्बाइनला १५ ते ३० टक्के मिळाले तरी बरं म्हणायचं.

आता जाहिरातीवर हे लावून बघू. समजा '५०० वॅट' लिहिलेलं टर्बाइन ८० सेंटीमीटर उंच आणि ५० सेंटीमीटर रुंद आहे. खिडकी झाली ०.४ चौरस मीटर. वारा सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर धरला, तरी त्या खिडकीतून जाणारी एकूण शक्तीच सुमारे ४१५ वॅट भरते. म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त काढून देणार म्हणे! आणि नेहमीच्या सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात? एकूण १५ वॅट, हातात येणार तीन. तेवढ्यात मोबाइल चार्ज होईल, पण सावकाश.

क्षेत्रफळ आणि वारा ठरला की मग डिझाइनचा खरा खेळ सुरू होतो. इथे दोन घराणी आहेत. एक फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांचं, १९२० च्या दशकातलं. अर्ध्या पिंपांसारखी दोन पाती, एकाचा पोकळ भाग वाऱ्याकडे, दुसऱ्याची पाठ. पोकळ बाजूवर ढकल जास्त बसते, पाठीवर कमी. त्या फरकावर ते फिरतं. पीव्हीसीचं प्रोजेक्ट याच घराण्यातलं. दुसरं फ्रेंच इंजिनीअर जॉर्ज दारियस यांचं, ज्याला अमेरिकेत १९३१ मध्ये पेटंट मिळालं. त्याची पाती विमानाच्या पंखासारखी, बारीक आणि वेगवान. वारा त्यांना ढकलत नाही, तर पंखाला जशी उचल मिळते तशी उचल देऊन पुढे ओढतो.

सॅव्होनियस गरीब स्वभावाचं आहे. मंद वाऱ्यातही आपलं आपण सुरू होतं, पण पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या आसपासच राहतो. याला टिप स्पीड रेशो म्हणतात, आणि इथे तो साधारण १. एक मीटर व्यासाचं सॅव्होनियस सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात मिनिटाला ७५-७६ फेरे मारेल. बाजारातल्या डीसी मोटरला नीट वीज द्यायला त्याच्या कितीतरी पट आरपीएम लागतात. मग गिअर किंवा बेल्ट लावा, त्याचं घर्षण सोसा. यातही काही सुधारणा स्वस्तात होतात : वर-खाली गोल तबकड्या लावल्या की हवा कडेनं निसटत नाही, आणि दोन पात्यांत मध्ये थोडी फट ठेवली की एका पोकळीतली हवा दुसरीत जाऊन परतणाऱ्या पात्याची पाठ थोपटते. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं १९७० च्या दशकात विंड टनेलमध्ये हे तपासलं होतं, आणि तीन पात्यांपेक्षा दोन पाती जास्त शक्ती देतात असं दिसलं. तरी पोस्टरवर पाती वाढवत नेण्याचा मोह काही सुटत नाही.

(जाता जाता : एमआयडीसीच्या शेडवर गरगरणारे ते चकचकीत घुमट वीज करत नाहीत. ते फक्त आतली गरम हवा बाहेर काढतात.)

दारियसची गंमत वेगळी. त्याचं पातं गोलात फिरताना त्याला समोरून येणारा वारा दर क्षणी कोन बदलतो. हा कोन किती वाढेल हे टिप स्पीड रेशोवर ठरतं. रेशो ४ असेल तर कोन साधारण साडेचौदा अंशांपर्यंत जातो, ३ असेल तर साडेएकोणिसापर्यंत, आणि २ असेल तर थेट ३० अंश. पंखासारख्या पात्याला बारा-पंधरा अंशांपुढे हवा धरून ठेवता येत नाही, ती पाठीवरून सुटते. याला स्टॉल म्हणतात. विमानात स्टॉल झाला की विमान खाली येतं, इथे टॉर्क जातो. म्हणजे दारियसला चांगलं चालायला आधी वेगात असावं लागतं, आणि वेगात यायला आधी चांगलं चालावं लागतं! अनुभव मागणाऱ्या पहिल्या नोकरीसारखं झालं हे.

लहान टर्बाइनच्या डिझाइनमधली सगळी ओढाताण इथूनच निघते. पाती रुंद केली किंवा संख्या वाढवली की सुरुवातीचा टॉर्क वाढतो, टर्बाइन लवकर उठतं. पण मग ते कमी वेगातच अडकतं. पाती बारीक आणि कमी ठेवली तर वेगात मस्त पळतं, फक्त ढकलून सुरू करावं लागतं. तीन पाती हा बहुतेकांनी केलेला समझोता आहे. कोणी दारियसच्या पोटात लहान सॅव्होनियस बसवतं, स्टार्टर म्हणून. आयडिया चांगली, पण आतलं सॅव्होनियस मोठं केलं तर वेगात आल्यावर तेच ब्रेक बनतं.

पात्याचा आकार निवडताना मुलं नेटवरून नाका ००१५ किंवा ००१८ उचलतात. निवड तशी योग्य आहे. दोन्ही बाजूंनी सारखा आकार हवाच, कारण अर्ध्या फेरीत वारा एका अंगाला लागतो आणि अर्ध्या फेरीत दुसऱ्या. शेवटचे दोन आकडे म्हणजे रुंदीच्या किती टक्के जाडी. जाड पातं लहान टर्बाइनला मानवतं, ते मजबूतही असतं आणि स्टॉल एकदम न होता हळूहळू होतो. घोटाळा होतो तो आलेखात. १० सेंटीमीटर रुंदीचं पातं सेकंदाला १२ मीटर वेगानं फिरत असेल तर त्याचा रेनॉल्ड्स नंबर ८० हजार येतो. प्रवासी विमानाच्या पंखाला हाच आकडा कोटींच्या घरात असतो. सोप्या भाषेत, लहान पात्याला हवा जास्त चिकट लागते आणि पाठीवरून लवकर सुटते. मोठ्या पंखाचा आलेख बघून हिशेब केला तर कागदावरचं टर्बाइन पळतं आणि टेबलावरचं बसून राहतं.

फॅब्रिकेशनमध्येही वीज सांडते. पातं बसवायची दोन भोकं पाच सेंटीमीटर अंतरावर आहेत आणि एक भोक दोन मिलिमीटर सरकलं, तर पातं सव्वादोन अंशांनी तिरकं बसतं. वर आपण १५ अंशांच्या मर्यादेबद्दल बोलत होतो, त्यात दोन अंश म्हणजे बराच हिस्सा. पाती धरणाऱ्या आडव्या पट्ट्याही हवा कापतात आणि त्यांचं नुकसानही वेगाच्या घनानं वाढतं. वर्कशॉपमध्ये हाताला लागली ती चौकोनी ट्यूब वापरली की संपलं. आणि जनरेटर? स्वस्तातली चुंबकाची मोटर हातानं फिरवून बघा, खट-खट अडखळत फिरते. ती अडखळ ओलांडण्याइतका टॉर्क मंद वाऱ्यात नसेल, तर वर कितीही देखणी पाती असोत, टर्बाइन जागचं हलणार नाही.

मोठी उभी टर्बाइन आज फारशी का दिसत नाहीत, त्याचं एक उत्तर पात्यांच्या थकण्यात आहे. दर फेरीत पात्यावरचा जोर एकदा आत, एकदा बाहेर. मिनिटाला २०० फेरे धरले तर दिवसाला २ लाख ८८ हजार वेळा पातं वाकवल्यासारखं. कॅलिफोर्नियात फ्लोविंड कंपनीनं ५०० हून जास्त दारियस उभारली होती. त्यांची ॲल्युमिनियमची पाती या थकव्यानं तडकली आणि कंपनी १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली. कॅनडातल्या क्वेबेकमधलं ११० मीटर उंचीचं 'एओल' तळाचं बेअरिंग गेल्यामुळे १९९३ मध्ये थांबलं, ते थांबलंच. लहान टर्बाइनमध्ये जोर कमी असतो, पण फेरे जास्त. अलेक्झांडर गोर्लोव्ह यांनी पाती पिळासारखी वळवली, त्यामुळे कुठलं ना कुठलं पातं कायम चांगल्या कोनात असतं आणि धक्के सौम्य होतात. मात्र ती पिळाची पाती गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेणं हे वेगळंच प्रोजेक्ट होईल.

एवढं सगळं जमलं तरी जागा चुकली तर उपयोग नाही. ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात 'वॉरविक विंड ट्रायल्स' झाल्या. इमारतींवर बसवलेली २६ लहान टर्बाइन मोजली गेली. ती आडव्या आसाची होती, पण धडा सगळ्यांना लागू आहे. बंद पडलेले दिवस धरून एका टर्बाइननं सरासरी दिवसाला २१४ वॅट-तास दिले. आपला साधा ७५ वॅटचा सीलिंग फॅन त्यावर तीन तासही चालणार नाही. उंच टॉवरवरच्या टर्बाइनना वारा उत्तम मिळत होता, तर ती आवाजाच्या तक्रारींमुळे बंद ठेवावी लागली! पॅरिसच्या आयफेल टॉवरवर २०१५ मध्ये दोन उभी टर्बाइन बसली, वर्षाला १० हजार युनिट अपेक्षित धरून. पण ती जमिनीपासून १२० मीटरवर, मोकळ्या वाऱ्यात आहेत. आपली चार मजली बिल्डिंग म्हणजे आयफेल टॉवर नव्हे.

गच्चीवर वारा भिंतीवर आपटून तिरका वर उसळतो आणि गच्चीच्या मध्यभागी नुसते भोवरे राहतात. इथे मात्र उभ्या टर्बाइनच्या बाजूनं बोलायला हवं. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधनात दिसलं की सरळ पात्यांचं दारियस असा खालून तिरका येणारा वारा चांगला पचवतं, त्याची शक्ती उलट वाढूही शकते. आडव्या आसाला तो मानवत नाही. म्हणजे गच्चीच्या कडेला, कठड्याच्या बऱ्याच वर, अशी जागा मिळाली तर त्याला खरंच संधी आहे.

हायवे डिव्हायडरचं काय? दोन्हीकडची वाहनं विरुद्ध दिशेनं जातात, त्यामुळे मधलं टर्बाइन दोन्हींकडून एकाच बाजूला फिरवलं जातं. कल्पना सुंदर आहे. पण ट्रक गेल्यावरचा झोत काही सेकंदांचा असतो, आणि जड रोटर वेग घेईपर्यंत तो संपतो. हे प्रोजेक्ट करणाऱ्यांनी पाती कापण्याआधी ॲनिमोमीटर घेऊन डिव्हायडरजवळ सुरक्षित जागी तासभर नोंदी कराव्यात. सर्वांत मोठा झोत कितीचा, यापेक्षा दोन झोतांमध्ये किती वेळ जातो हे जास्त कामाचं निघेल.

आणि पेडेस्टल फॅननं टेस्टिंग करायचंच असेल तर फॅन लांब ठेवा, टर्बाइनच्या जागी वेगवेगळ्या उंचीवर वारा मोजा आणि सरासरी घ्या, कारण फॅनचा वारा पिळलेला आणि मधोमध पोकळ असतो. मग शाफ्टवर पुली, पुलीवर दोरी, दोरीला दोन स्प्रिंग बॅलन्स. सेकंड इयरला केलेला रोप ब्रेकच, फक्त छोटा. थोडी थोडी दोरी आवळत जा आणि दर वेळी टॅकोमीटरवर आरपीएम लिहा. दोन बॅलन्समधल्या फरकातून टॉर्क येतो, टॉर्क गुणिले कोनीय वेग म्हणजे वॅट. अशी दहा-बारा रीडिंग आलेखावर टाकली की एक टेकडी दिसते : दोरी सैल असताना वेग भरपूर पण शक्ती नाही, जास्त आवळली की टर्बाइन गुदमरतं, मध्ये कुठेतरी शिखर. पीव्हीसीच्या टर्बाइनचं शिखर बहुधा टिप स्पीड रेशो १ च्या अलीकडे-पलीकडेच सापडेल. तो आरपीएम लिहून ठेवा आणि मोटर त्याला जुळणारी शोधा, कारण बहुतेक प्रोजेक्टमध्ये मोटर आधी विकत आणलेली असते.