मानधनाचं काय ते नंतर बघू

चित्राच्या पैशांना मराठीत 'मानधन' म्हणतात आणि निम्मं दुखणं या शब्दातच आहे. प्लंबर मानधन घेत नाही, बिल देतो. चित्रकाराला मात्र जुलैत दिवाळी अंकाचा फोन येतो, विषय कळतो, तारीख कळते आणि "मानधनाचं काय ते नंतर बघू" हेही कळतं. पहिली काही वर्षं मी मान डोलावत राहिलो. एक मुखपृष्ठ गणपतीच्या आधी पोचवलं, चेक होळीच्या सुमारास आला. रक्कम बघून धीर करून विचारलं, तर उत्तर मिळालं, "अहो, दोन तासांचं तर काम होतं!"

चित्राची किंमत म्हणजे रंग-कागदाचा खर्च अधिक हाताला लागलेला वेळ, हा सगळ्यांत जुना गैरसमज. जरा हिशेब मांडू. समजा, घरभाडं, रंग, लॅपटॉपचा हप्ता, आईची औषधं धरून चित्रकाराला वर्षाला 6 लाख लागतात. रविवार, सणवार, आजारपण वजा जाता कामाचे 240 दिवस उरतात. त्यांतले निम्मे काम मिळवण्यात, सरावात, आणि दिलेल्या कामाच्या पैशांसाठी फोन करण्यात जातात. बिल लावता येतं ते 120 दिवसांचं, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. तीन दिवस खाणारं मुखपृष्ठ 15,000 ला दिलं तर घर जेमतेम चालतं, शिल्लक काही पडत नाही. तुमचा आकडा याहून कमी असेल किंवा जास्त. पण तो घरी बसून काढलेला असला, की फोनवर जीभ अडखळत नाही.

भिंतीवरच्या चित्रांना चौरस इंचाचा दर लावायची पद्धत आहे. नवख्याला ती सोयीची, कारण ओळखीच्याला एक भाव आणि परक्याला दुसरा, असं होत नाही. पण तिच्यात खोट आहे. 12 बाय 12 इंचांचा कॅनव्हास 144 चौरस इंच भरतो, 24 बाय 24 चा 576. बाजू दुप्पट, किंमत चौपट! लहान चित्र मातीमोल जातं आणि मोठं टेम्पोतून घरी परत येतं. म्हणून काहीजण लांबी-रुंदीची बेरीज करून त्यावर दर लावतात. मग 24 आणि 48, म्हणजे दुप्पटच. मला हे जास्त पटतं.

'गॅलरी निम्मे पैसे खाते' ही तक्रार अर्धीच खरी. कमिशनवर चालणाऱ्या गॅलऱ्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम घेतात, पण भिंत, दिवे आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं असतं. काळा घोड्याच्या जहांगीरमध्ये हॉल भाड्याने मिळतो. तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, आणि फ्रेमिंगपासून वाहतुकीपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून. गॅलरीत 40,000 ला लावलेलं चित्र घरी आलेल्याला 25,000 ला देणं मात्र सरळ आत्मघात. बातमी फुटतेच.

आता कॉपीराइट. इथे दोन्ही बाजू चुकतात. ग्राहकाला वाटतं, चित्र विकत घेतलं म्हणजे त्याची कॅलेंडरंही छापता येतील. तसं नाही. तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, तो हयात असेपर्यंत आणि पुढे वारसांकडे 60 वर्षं. उलट चित्रकाराला वाटतं, मी काढलं म्हणजे हक्क कायम माझाच. तेही नाही! कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 17 सांगतं, की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन रंगचित्र किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसला, तर हक्काचा पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे 'नंतर बघू' म्हणताना फक्त पैसे लांबत नाहीत, हक्कही हातचा जाऊ शकतो. हक्क द्यायचाच असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

हक्क विकला तरी कलाकृतीची मोडतोड सहन करायची गरज नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं होतं. सहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितलं, वर 5 लाखांची भरपाई दिली. शिल्प काढल्यापासून निकालापर्यंत किती वर्षं गेली, ते मोजून बघा.

'पैसे येतील तेव्हा येतील, आपण काय करणार?' यावर निदान एक उपाय आहे. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी फुकट होते. काम घेण्याआधी ती केलेली असली, की 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कोर्टकचेरी कुणालाच नको असते. पण बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला दिसला, की अकाउंट्सवाल्याची भाषा बदलते, हा अनुभव आहे.

आणि 'तुमचं नाव होईल'? विजेचं बिल नावाने भरता येत नाही, एवढं सांगून पुढे जाऊ.

हल्ली जुलैतला फोन ठेवला, की मी त्याच संध्याकाळी चार ओळींची ईमेल पाठवतो: एकूण रक्कम, निम्मी आगाऊ, दुरुस्त्या दोनच, वापर या अंकापुरता, कॉपीराइट माझ्याकडे, बाकी रक्कम छपाईला जाण्याआधी. बहुतेक संपादक 'ओके' एवढंच लिहितात. त्या होळीवाल्या अंकाकडून मात्र या ईमेलला उत्तर आलं नाही, आणि पुढे फोनही आला नाही.