तपास झाला, खटला मात्र नाही

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यातील ओटिंग गावाजवळ, कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या वाहनावर लष्कराच्या विशेष पथकाने गोळीबार केला. सहा जण ठार झाले. संतप्त गावकऱ्यांशी उडालेल्या चकमकीत आणखी सात नागरिक व एक जवान मृत्युमुखी पडला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एकाचा बळी गेला. मजुरांना बंडखोर समजण्यात चूक झाली, हे केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत मान्य केले.

राज्य पोलिसांच्या विशेष तपास पथकाने जून २०२२ मध्ये एका मेजरसह ३० जणांवर आरोप ठेवले. मात्र २०२३ मध्ये केंद्राने खटल्यास मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई संपुष्टात आणली. मंजुरी मिळाल्यास ती पुढे नेता येईल आणि लष्कर शिस्तभंगाची कारवाई करू शकेल, एवढी वाट मोकळी ठेवली.

या कोंडीचे मूळ सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा, १९५८ च्या सहाव्या कलमात आहे. केंद्राच्या पूर्वमंजुरीविना जवानांवर खटला चालवता येत नाही. ‘भारत छोडो’ आंदोलन चिरडण्यासाठी ब्रिटिशांनी १९४२ मध्ये काढलेला वटहुकूम हा या कायद्याचा पूर्वज.

बंडखोरांशी लढणाऱ्या जवानाला सूडबुद्धीच्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हा युक्तिवाद रास्तच आहे. परंतु संरक्षण म्हणजे संपूर्ण अभय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मणिपूरमधील कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्या सरकारच्या आदेशाने सैन्य तैनात होते, तेच सरकार मंजुरीचा निर्णय घेते. त्याची कारणे नोंदवण्याचे वा मुदत पाळण्याचे बंधन हे कलम घालत नाही.

न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने २००५ मध्येच हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती. त्रिपुरातून तो २०१५ मध्ये, तर मेघालयातून २०१८ मध्ये हटला. २०२२ पासून ईशान्येतील त्याचे क्षेत्रही आक्रसले. हे स्वागतार्ह आहे. पण जिथे तो उरला आहे, तिथे निदान मंजुरीचा निर्णय सकारण, मुदतबद्ध आणि न्यायालयीन तपासणीस पात्र असावा. गोळीबार चुकून झाला की बेपर्वाईने, हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे. मंत्रालयातील फाइल नव्हे.