हिरड्याची शाई आणि निसर्गाची वही

चिखली, मोशी, चाकण या भागातील मुले रस्त्यावरून जाणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखतात. कंपनीच्या कुंपणालगतचे झाड दाखवून नाव विचारले, की उत्तर येते, "झाड आहे, टीचर."

यात मुलांचा दोष नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे कारखाने वाढत गेले आणि माळराने कमी होत गेली. इथली कित्येक घरे लातूर, बीड, नांदेडहून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून रोजीरोटीसाठी आलेली. झाडांची नावे दादी-नानींपाशी गावीच राहिली. म्हणून सहावी-सातवीच्या मुलांकडून आम्ही निसर्गाची वही लिहून घेतो. अट एकच: शाई घरी केलेली हवी.

निसर्ग पाहून लिहून ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही. बादशाह जहांगीरने लैला-मजनू नावाच्या सारस जोडीने अंडी कशी उबवली, हे आपल्या 'तुझुक'मध्ये बारकाईने नोंदवले. त्याच्या दरबारातील मन्सूरने काश्मीरच्या फुलांची चित्रे काढली. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक 1941 साली आले, तेही रानोमाळ भटकून केलेल्या निरीक्षणांच्या बळावर.

आता शाईकडे वळू. मायफळ, म्हणजे उर्दूतील माजू, आणि हिराकस यांची काळी शाई अरबी कातिबांना शेकडो वर्षे ठाऊक होती. आपल्याकडे मायफळाचे काम हिरडा करतो. आपल्याच जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी बांधव तो गोळा करतात. लोखंड तर या पट्ट्यात पावलोपावली.

पन्नास ग्रॅम हिरडा जाडसर कुटून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पाणी निम्मे होईपर्यंत उकळून फडक्याने गाळून घ्या. मूठभर गंजके खिळे काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. आत वायू साठतो म्हणून झाकण सैल असू द्या. हे लोहपाणी गाळून चमचा-चमचा हिरड्याच्या काढ्यात घाला. पिवळट काढा बघता बघता काळा पडतो. हिरड्यातील तुरट द्रव्य, टॅनिन, लोहाशी जोडले जाते म्हणून हा रंग येतो. कागदावर सुकताना तो आणखी गडद होतो. लोहपाणी बेताने घाला, कारण फार आंबट शाई काही वर्षांनी कागदच खाते. शेवटी चमचाभर बाभळीचा डिंक विरघळवा आणि बुरशी लवकर धरू नये म्हणून दोन लवंगा टाका.

रंगीत शाई याहून सोपी. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून लिंबू पिळले की पाणी लालगुलाबी होते. खाण्याचा सोडा घातला की हिरवटाकडे झुकते. हळदीत सोडा पडला की ती तांबूस होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग मिळतो, जूनमध्ये जांभळाचा. हे रंग उन्हात लवकर उडतात, म्हणून रंग चित्रासाठी ठेवावेत आणि तारीख-ठिकाण काळ्या शाईने लिहावे.

उकळण्याचे काम मोठ्यांनीच करावे आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. बाटलीवर 'शाई' अशी चिठ्ठी लावून ती लहान मुलांपासून दूर ठेवावी. कण्हेर, धोत्रा, रुई यांना हात लावू देऊ नये.

वहीत काय लिहायचे? तारीख, वेळ, जागा आणि डोळ्यांनी दिसले तेवढेच. "छान झाड होते" चालत नाही. पाने किती, समोरासमोर की आलटून-पालटून, खोडावर कोण चढत होते, ते लिहायचे. शाई थोडीच आणि मेहनतीने केलेली, त्यामुळे मुले आधी नीट पाहतात आणि मगच कलम टेकवतात. निगडीच्या दुर्गा टेकडीवरचा मोर वहीत येतो, तसा इंद्रायणीच्या पाण्यावरचा पांढरा फेसही येतो. तोही लिहू द्यावा. आज दिसणारे झाड पाच वर्षांनी रस्ता रुंद करताना जाईल. ते कुठे होते आणि कधी फुलत होते, हे सांगायला ही पाने उरतील.

आमच्या वर्गात एक गोष्ट ठरवून न करता घडली. झाडाचे नाव सापडेना, तेव्हा मुलांनी गावी फोन लावले. फ्लॅटमध्ये दिवसभर गप्प बसून राहणाऱ्या दादींना नातवंडे पाने आणून दाखवू लागली. एका वहीत एकाच झाडाची तीन नावे आहेत: मराठी पुस्तकातले, उर्दूतले आणि औरादकडच्या दादीचे कडुनिंबाला 'लिंबारा'. तिन्ही बरोबर.

तेव्हा या रविवारी हिरडा भिजत घाला. शाई तयार होईपर्यंत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, तुमच्या अंगणात कोणते झाड होते? वहीचे पहिले पान त्या झाडाचे असू द्या.